पियानोची रचना स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये पोकळ का वाजते? नेहमीच्या एका अडचणीचे निवारण

ओळखीची रचना निवडली, पियानोच्या छापील प्रतीतला एकही स्वर न गाळता ती दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांच्यात वाटून दिली, चौघांनी आपापला भाग बिनचूक वाजवला, आणि तरीही ऐकणारा म्हणतो की काहीतरी राहून गेले आहे. क्वार्टेटसाठी मांडणी करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे, आणि तिच्यावर सहसा जो उपाय केला जातो तो दुखणे वाढवणारा असतो. पोकळी भरून काढायची म्हणून दुसऱ्या व्हायोलिनला आणि व्हायोलाला डबल स्टॉप, म्हणजे एकाच वेळी दोन तारांवर वाजवायचे स्वर, दिले जातात, चेलोच्या भागात आणखी स्वर कोंबले जातात, आणि मग तीच रचना पोकळ तर राहतेच, वर गढूळही होते. ही दोन लक्षणे एकत्र दिसली की कारण बहुधा एकच असते: मांडणी करणाऱ्याने कागदावर दिसणारे स्वर उतरवलेले असतात, प्रत्यक्ष ऐकू येणारे स्वर उतरवलेले नसतात.

पियानोची प्रत वादकाच्या बोटांनी काय करायचे ते सांगते. पायाने काय होते, ते तिच्यात एखाद्या लहानशा खुणेने दाखवलेले असते किंवा दाखवलेलेच नसते. उजवे पेडल दाबले की सगळ्या तारांवरचे दाबक उचलले जातात. वाजवलेला स्वर बोट उचलल्यावरही वाजत राहतो, आणि न वाजवलेल्या ताराही त्याच्याबरोबर थरथरू लागतात. म्हणजे प्रतीत अष्टमांश लांबीचा असलेला बेसचा स्वर कानाला मात्र पूर्ण बारभर, म्हणजे तालाचा एक अख्खा कप्पा संपेपर्यंत, ऐकू येत असतो. गाण्याच्या बैठकीत तंबोरा जे काम करतो तेच हे काम आहे, एवढाच फरक की तंबोऱ्याचे सूर कायम राहतात आणि पेडलचे सूर कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरांचा गट) बदलेल तसे बदलतात. आता या रचनेतले फक्त छापलेले स्वर क्वार्टेटला दिले, तर आपण तंबोरा काढून घेऊन गायकाला गायला बसवलेले असते. गजाने वाजणाऱ्या वाद्याला पेडल नाही. गज थांबला की स्वर थांबला. म्हणून पेडलने जे आपोआप होत होते ते कोणाच्या तरी भागात स्वर म्हणून लिहावेच लागते, आणि सगळी दुरुस्ती इथून सुरू होते.

बेटहोवनला ही अडचण नेमकी ठाऊक होती. १३ जुलै १८०२ रोजी लायप्झिगच्या ब्राइटकॉफ उंड हेर्टेल या प्रकाशकांना लिहिलेल्या पत्रात त्याने पियानोच्या रचना तंतुवाद्यांवर उतरवण्याच्या तेव्हाच्या वेडावर कडक टीका केली आहे. अशा कामात काही जागा गाळाव्या लागतात, काही पूर्ण बदलाव्या लागतात आणि शिवाय नव्याने भरही घालावी लागते, असे त्याचे म्हणणे होते. हे सांगण्याचा अधिकार त्याला होता, कारण ओपस १४ मधला ई मेजरचा पियानो सोनाटा त्याने स्वतःच क्वार्टेटसाठी मांडला होता, आणि तोही पट्टी बदलून, एफ मेजरमध्ये. या पट्टीबदलाकडे पुढे पुन्हा यायचे आहे.

उदाहरण: 'मूनलाइट' सोनाट्याचा पहिला भाग

ओपस २७ क्रमांक २ हा सी शार्प मायनरमधला सोनाटा १८०१ सालचा आहे. त्याचा पहिला भाग मागणीत कायम असतो आणि क्वार्टेटमध्ये तो जवळजवळ हमखास फसतो, म्हणून तपासणीसाठी तोच घेऊ. हा संपूर्ण भाग दाबक उचललेल्या तारांवर वाजवावा, अशी बेटहोवनची सूचना अगदी सुरुवातीलाच आहे. ती 'सेन्झा सोर्दिनो' अशी इटालियनमध्ये छापलेली असते, आणि क्वार्टेटच्या भागांत ती तशीच उतरवली गेली तर व्हायोलिनवादक तिचा अर्थ 'म्यूट (आवाज दबवणारी चिमटी) न लावता' असा घेतात, जो आपल्याला हव्या असलेल्या परिणामाच्या बरोबर उलट आहे. ती ओळ आधी काढून टाकावी.

पहिला बिघाड बेसमध्ये असतो. डाव्या हाताला सप्तकाच्या जोडीने उतरणारी एक ओळ आहे: पहिल्या बारमध्ये सी शार्प, दुसऱ्यात बी, तिसऱ्यात ए आणि एफ शार्प, चौथ्यात जी शार्प. या जोडीतला खालचा सी शार्प चेलोला येतो, कारण चेलोची सर्वांत जाड तार मोकळी सोडली की त्याच्या लगेच खालचा सी वाजतो. पण दुसऱ्या बारमधला खालचा बी त्या मोकळ्या तारेच्याही अर्ध्या स्वराने खाली आहे, म्हणजे चेलोवर तो नाहीच. इथे घाईत मांडणी करणारा पहिल्या बारमध्ये खालचा सी शार्प देतो आणि दुसऱ्यात नाइलाजाने वरचा बी देतो. परिणामी, ज्या ओळीने एक पायरी खाली उतरायला हवे ती सात स्वर वर उडी मारते. ऐकणाऱ्याला हे सांगता येत नाही, पण 'काहीतरी राहून गेले' ही भावना तिथेच, दुसऱ्या बारच्या पहिल्या ठोक्यावर, निर्माण होते. उपाय साधा आहे: सुरुवातीपासून वरचे सप्तकच धरावे आणि ओळ अखंड उतरू द्यावी. खालच्या सप्तकाची भर कमी झाली तरी चालते, पण ओळ मोडलेली चालत नाही. चेलोची जाड तार उतरवून घेण्याचा मार्गही आहे. शूमानने १८४२ च्या आपल्या पियानो क्वार्टेटमध्ये चेलोची सी तार बी फ्लॅटपर्यंत उतरवायला लावली आहे. परंतु आपल्या ओळीला पुढे आणखी खालचे स्वर लागतात, त्यामुळे इथे त्या खटपटीचा उपयोग नाही.

दुसरा प्रश्न त्रिकांचा, म्हणजे एकेका ठोक्यात बसवलेल्या तीन-तीन स्वरांच्या गटांचा. जी शार्प, सी शार्प, ई हे तीन स्वर संथपणे फिरत राहतात. एका बारमध्ये बारा स्वर आणि एकूण बार ६९, म्हणजे आठशेच्या आसपास स्वर झाले, आणि रूढ पद्धतीने ते सगळे व्हायोलाच्या गळ्यात पडतात. थकवा हा त्यातला लहान भाग आहे. खरी अडचण अशी, की जी शार्प आणि सी शार्प हे दोन स्वर जी तारेवर बसतात आणि ई साठी गजाला डी तारेवर जावे लागते, त्यामुळे दर तिसऱ्या स्वराला एक हलका धक्का बसतो. पियानोवर हाच आकार पेडलच्या धुक्यात विरघळलेला असतो, व्हायोलावर तो शिवणयंत्रासारखा मोजून घेता येतो. सहा स्वर एका गजात घेतल्याने धक्का कमी होतो, नाहीसा होत नाही. तो झाकायचा असेल तर त्याच्या मागे काहीतरी सलग वाजत असले पाहिजे.

म्हणून दुसऱ्या व्हायोलिनला त्रिके वाटून देण्याचा मोह टाळावा आणि त्याला पेडल करावे. दुसऱ्या व्हायोलिनने कॉर्डमधले एक किंवा दोन स्वर अगदी हळू, म्यूट लावून, पूर्ण बारभर धरून ठेवायचे; त्याच्या भागात कागदावर जवळजवळ काहीच नसते, आणि तालमीत तो वादक कुरकुर करतो, पण त्याला थोडा वेळ थांबायला सांगून बाकी तिघांनी वाजवून दाखवले की कुरकुर थांबते. या धरलेल्या स्वरांचा गज चेलोच्या गजाबरोबर बदलू नये. दोघांचे गज एकाच ठोक्यावर उलटले तर प्रत्येक बारच्या सुरुवातीला एक बारीक फट ऐकू येते, आणि आपण जी पोकळी बुजवायला निघालो होतो ती तिथे नव्याने तयार होते. चेलोने बारच्या पहिल्या ठोक्यावर गज बदलावा आणि दुसऱ्या व्हायोलिनने तिसऱ्यावर. हे भागांमध्ये लिहूनच द्यावे, तालमीवर सोडू नये.

त्रिके पूर्ण वेळ व्हायोलावर ठेवायची नसतील तर वाक्याच्या शेवटी ती दुसऱ्या व्हायोलिनकडे जाऊ शकतात आणि धरलेले स्वर व्हायोलाकडे येऊ शकतात. मात्र देताना एका स्वराचा ओव्हरलॅप ठेवावा: पहिला वादक ज्या स्वरावर थांबतो, त्याच स्वरावर दुसऱ्याने सुरुवात करावी. एकाने सोडले आणि दुसऱ्याने पुढचा स्वर घेतला, अशी नेमकी कात्रीने कापल्यासारखी वाटणी कागदावर स्वच्छ दिसते आणि वाजताना सांधा उघडा पडतो.

पट्टी बदलावी का?

माझ्या मते बहुतेक वेळा बदलावी. मूळ पट्टीबद्दलचा आदर समजण्यासारखा आहे, पण तंतुवाद्यांच्या बाबतीत पट्टी म्हणजे केवळ उंची नसते, नादही असतो. क्वार्टेटमधल्या चारही वाद्यांच्या मोकळ्या तारा मिळून पाचच वेगवेगळे स्वर होतात: सी, जी, डी, ए आणि ई. रचनेच्या पट्टीत हे स्वर जितके जास्त, तितक्या न छेडलेल्या तारा सोबतीने थरथरतात आणि वाद्ये स्वतःच थोडेफार पेडल पुरवतात. सी शार्प मायनरमध्ये या पाचांपैकी ए आणि ई एवढेच बसतात. तीच रचना अर्धा स्वर वर चढवून डी मायनरमध्ये घेतली तर पाचही बसतात. व्हायोलाने जी तारेवर ए वाजवला की वरची मोकळी ए तार आपोआप बोलू लागते, आणि हा फरक पहिल्याच बारमध्ये कळतो.

डी मायनरमध्ये दुसऱ्या व्हायोलिनचे कामही सोपे होते. त्याने जी तारेवर पहिल्या बोटाने ए धरायचा आणि शेजारची डी तार मोकळी ठेवायची. बेस डी वरून सी वर उतरला तरी पहिले दोन बार हे दोन स्वर हलत नाहीत. तिसऱ्या बारच्या पहिल्या अर्ध्यात खालचे बोट फक्त अर्धा स्वर वर, बी फ्लॅटवर, सरकते आणि मोकळी डी तशीच वाजत राहते. त्या बारच्या दुसऱ्या अर्ध्यात डी वरून ई फ्लॅटवर जावे लागते. वर डबल स्टॉपबद्दल नापसंती दाखवली असली तरी हा डबल स्टॉप वेगळा आहे, कारण त्यातली एक तार मोकळी आहे आणि हाताला काही ताण नाही.

मूळ पट्टीत तंतुवाद्ये वाजतच नाहीत असा याचा अर्थ नव्हे. बेटहोवनने १८२६ मध्ये पूर्ण केलेला ओपस १३१ चा क्वार्टेट सी शार्प मायनरमध्येच आहे. पण तो मुळातच या चार वाद्यांसाठी कल्पिलेला आहे आणि त्या पट्टीचा दबलेला, मोकळ्या तारांचा आधार नसलेला रंग त्याला हवा होता. आपण दुसऱ्या वाद्याचा नाद उसना आणतो आहोत, तेव्हा मिळेल तो आधार घ्यावा. त्याने आपला ई मेजरचा सोनाटा एफ मेजरमध्ये का नेला असेल, हेही तारांकडे पाहिले की उमगते: एफ मेजरमध्ये पंचम सी हा येतो, आणि सी ही चेलोची व व्हायोलाची सर्वांत खालची मोकळी तार आहे. हाच विचार दब्युसीच्या 'क्लेअर द ल्यून'ला लावला तर डी फ्लॅट मेजरच्या पट्टीत पाच मोकळ्या स्वरांपैकी एकटा सी सापडतो, आणि डी मेजरमध्ये नेल्यावर सी सोडून बाकीचे चारही सापडतात.

पट्टी चढवताना एक जागा मात्र सांभाळावी लागते. 'मूनलाइट'मधली मुख्य धून जी शार्पवर सुरू होते, डी मायनरमध्ये तो ए होतो, आणि पहिल्या व्हायोलिनला मोकळी ए तार समोर दिसते. ती वापरली तर धूनेचा पहिलाच स्वर उघडा आणि कर्कश लागतो. डी तारेवर चौथ्या बोटाने किंवा तिसऱ्या पोझिशनमध्ये तो घ्यावा, आणि तसे बोट भागात छापावे. धून दबते अशी तक्रार येते ती बहुधा याच ठिकाणी, कारण धून आणि त्रिकांचा वरचा स्वर यांच्यात इथे फार अंतर नाही. अशा वेळी पहिल्या व्हायोलिनला जोरात वाजवायला सांगण्यापेक्षा बाकी तिघांना म्यूट लावून त्याला एकट्याला मोकळे ठेवणे केव्हाही चांगले.

गढूळपणाचे मूळ

पोकळी भरून निघाल्यावरही गढूळपणा उरला, तर चेलो आणि व्हायोला यांच्यातले अंतर तपासावे. कॉर्डचा मूळ स्वर षड्ज मानला, तर खर्जात षड्जाला चिकटून गंधार ठेवू नये. पियानोवर ते खपून जाते, कारण तिथला आवाज उमटताक्षणी ओसरू लागतो. गजाचा आवाज ओसरत नाही, त्यामुळे खालचे दोन जवळचे स्वर एकमेकांवर घासत राहतात. चेलोने षड्ज घेतला असेल तर त्याच्या वर पंचम किंवा वरचा षड्ज असावा आणि गंधार एका सप्तकाने वर, व्हायोलाकडे किंवा दुसऱ्या व्हायोलिनकडे जावा.

शोपँच्या ओपस ९ मधल्या दुसऱ्या नॉक्टर्नमध्ये हे आणि पेडल, दोन्ही एकत्र भेटतात. डावा हात प्रत्येक ठोक्याला खाली एक स्वर टाकतो आणि मग वर उडी मारून दोन कॉर्ड वाजवतो. चेलोला हा खालचा स्वर छापल्याप्रमाणे अष्टमांशाचा दिला, तर ठोक्याच्या उरलेल्या दोन तृतीयांश भागात बेसच नसतो. तो पूर्ण ठोकाभर धरायला द्यावा, मधले दोन कॉर्ड दुसरे व्हायोलिन आणि व्हायोला यांना द्यावेत, आणि त्या कॉर्डमध्ये जो स्वर धूनेत किंवा बेसमध्ये आधीच आहे तो खुशाल गाळावा. दोन वाद्यांचे दोन स्वर तिथे पुरतात.

पियानो नसलेल्या रचनांतही हेच

पाखेलबेलचा डी मेजरमधला कॅनन (एकच धून एकामागून एक आवाज उचलतात अशी रचना) मुळात तीन व्हायोलिन आणि बेससाठी आहे, त्यामुळे तो क्वार्टेटला आयता बसतो असे वाटते: तिसरा आवाज व्हायोलाला, बेस चेलोला. तरीही सुरुवात उघडी पडते, कारण मुळातल्या बेसच्या ओळीवर ऑर्गन किंवा हार्प्सिकॉर्डवाला कॉर्ड भरत असे आणि ते कॉर्ड पूर्णपणे लिहिलेले नसत. दर दोन बारनंतर एक आवाज दाखल होतो. पहिले दोन बार चेलो एकटा असतो, दुसऱ्या व्हायोलिनला चार बार आणि व्हायोलाला सहा बार विश्रांती असते. या विश्रांतीच्या जागी दोघांना हळू धरलेले कॉर्ड लिहावेत आणि आपापली पाळी आली की त्यांनी ते सोडून कॅननमध्ये शिरावे. चेलोवाल्याला तेच आठ स्वर २८ वेळा वाजवावे लागतात, ही त्याची तक्रार रास्त आहे; मध्ये काही आवर्तने बोटांनी छेडून वाजवायला दिली तर त्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही बरे वाटते. मोत्सार्टच्या १७८७ च्या 'आयने क्लाइने नाख्तम्युझिक'मध्ये लपलेला आवाज डबल बेसचा आहे, जो लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो. तो गळला की जोरकस जागा हलक्या होतात, तेव्हा तेवढ्या जागी, जिथे तारेवर स्वर उपलब्ध आहे तिथे, चेलोला एक सप्तक खाली न्यावे. याउलट बाखच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रल सुटमधला 'एअर' जवळजवळ काही न करता वाजतो, कारण त्याचे चारही आवाज मुळातच पूर्ण लिहिलेले आहेत.

तपासणी कशी करावी

नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ऐकून निर्णय घेणार असाल तर आधी रिव्हर्ब, म्हणजे सभागृहासारखा कृत्रिम घुमारा, बंद करावा. तो मुळातच चालू असतो आणि ज्या पोकळीबद्दल इथे एवढे लिहिले ती तो बेमालूम झाकतो. कॉम्प्युटरवरच्या चेलोला गज बदलावा लागत नाही आणि व्हायोलाला तार ओलांडताना धक्काही बसत नाही, हेही ध्यानात ठेवावे. जागेचाही हिशेब हवा. गोव्यातल्या एखाद्या उंच छताच्या जुन्या चर्चमध्ये दगडी भिंती स्वर धरून ठेवतात आणि सदोष मांडणीही भरलेली वाटते. तीच मांडणी संध्याकाळी रिसेप्शनच्या लॉनवर उघड्यावर वाजवली की तिची हाडे दिसू लागतात. मांडणी लॉनसाठी करावी. चर्चमध्ये धरलेले स्वर जास्त वाटले तर दुसऱ्या व्हायोलिनला हळू वाजवायला सांगता येते, पण लॉनवर आयत्या वेळी नसलेले स्वर आणता येत नाहीत.

प्रत्यक्ष वाद्यांवर तपासायचे असेल तर पहिले व्हायोलिन आणि त्रिके वाजवणारे वाद्य गप्प ठेवून फक्त चेलो आणि दुसरे व्हायोलिन यांना रचना वाजवायला सांगावी. या दोघांवरूनच कॉर्ड कुठे बदलतो ते ओळखू आले तर पेडल नीट उतरले आहे. एखाद्या बारमध्ये ते ओळखू येत नसेल, तर त्या बारमध्ये दुसऱ्या व्हायोलिनने धरलेला स्वर तपासावा: बहुधा त्याने कॉर्डचा पंचम धरलेला असतो, जो कॉर्डबद्दल काहीच सांगत नाही, आणि तिथे गंधार दिला की काम होते.